उसाच्या कांडीतील उष्णतेचा जमाखर्च

जालना जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, अंबड तालुक्यात, गोदावरीच्या उत्तरेकडील काळ्या जमिनीवर अंकुशनगर ही वसाहत आहे. पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा या मुलखात आला, ज्वारी-कापसाच्या शेतांशेजारी उसाचे मळे उभे राहिले, आणि त्या उसाच्या भरवशावर ज्यांच्या पुढाकाराने येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या अंकुशराव टोपे यांचेच नाव पुढे या वसाहतीला आणि कारखान्यालाही मिळाले. टोपे १९९१ साली जालन्यातून लोकसभेवर निवडून गेले होते. कारखान्याच्या नावातील ‘समर्थ’ हा शब्द या जिल्ह्यात सहज शोभणारा आहे, कारण समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे शेजारच्याच घनसावंगी तालुक्यातले.

महाराष्ट्रातील कोणत्याही साखर कारखान्याच्या वार्षिक व्यवहारात दोन मंगल प्रसंग असतात. गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडते तो गाळपाचा शुभारंभ सर्वांच्या परिचयाचा आहे. पण त्याच्याही आधी, बहुधा दसऱ्याच्या सुमारास, बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर खरा हंगाम त्याच क्षणी सुरू होतो. रस काढणे, तापवणे, आटवणे, त्याचे दाणे पाडणे, मळीचे मद्यार्क करणे, ही सारी कामे उष्णतेच्या देवघेवीची आहेत, आणि त्यासाठी लागणारी उष्णता कारखाना बाहेरून विकत आणत नाही. ज्या उसाचा रस काढला त्याच्याच चोथ्यातून, म्हणजे बगॅसमधून, ती निघते. ही उष्णता किती, कोठून आली आणि कोठे गेली, याचा हिशेब ज्या साधनाने मांडता येतो ते साधन म्हणजे उष्मारासायनिक समीकरण. शाळेत हे प्रकरण गुणांपुरते शिकून विसरले जाते, याचे मला वाईट वाटते. कारण साखर कारखान्यासारखा त्याचा प्रत्यक्ष प्रत्यय देणारा दुसरा कारखाना क्वचितच सापडेल.

साधे रासायनिक समीकरण पदार्थांची नोंद ठेवते: कोणते अभिक्रियाकारक किती खर्ची पडले आणि कोणती उत्पादिते किती जमा झाली. उष्मारासायनिक समीकरण त्याच ओळीत उष्णतेचाही आकडा लिहिते. साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या, ज्वलनाचे समीकरण असे:

१ मोल सुक्रोज (घन) + १२ मोल ऑक्सिजन (वायू) → १२ मोल कार्बन डायऑक्साइड (वायू) + ११ मोल पाणी (द्रव); उष्णता: उणे ५६४० किलोज्यूल

या ओळीतील एकही शब्द फालतू नाही. ‘मोल’ हे परिमाण सांगते की हा आकडा ३४२ ग्रॅम साखरेचा आहे, निम्म्या साखरेला निम्मा आणि दुप्पट साखरेला दुप्पट. उणे चिन्ह सांगते की एवढी उष्णता पदार्थांच्या खात्यातून वजा होऊन भोवतालच्या सृष्टीकडे गेली, म्हणजे अभिक्रिया उष्मादायी आहे. हेच समीकरण उलट लिहिले तर चिन्ह अधिक होते, आणि उसाचे हिरवे पान दिवसभर जे काम करते त्याचे ते समीकरण ठरते, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून एक मोल साखर घडवण्यासाठी तेवढेच ५६४० किलोज्यूल सूर्याकडून घ्यावे लागतात. आणि कंसातील घन, द्रव, वायू हे शब्द, ज्यांच्याकडे विद्यार्थी सर्वांत कमी लक्ष देतो, ते तर कारखान्याच्या नफ्यातोट्याशी थेट संबंधित आहेत; त्यांच्याकडे आपण लवकरच येऊ.

हा ५६४० चा आकडा प्रत्यक्ष मोजलेला आहे. जाड पोलादी भांड्यात साखरेची ग्रॅमभर वजनाची वडी ठेवतात, भांड्यात सुमारे ३० वातावरणे दाबाने ऑक्सिजन भरतात, ते भांडे मोजून घेतलेल्या पाण्यात बुडवतात आणि विजेच्या तारेने ठिणगी देतात. साखर क्षणात जळून जाते, आणि सभोवतालच्या पाण्याचे तापमान किती चढले ते सूक्ष्म तापमापीवर वाचतात. पाणी आणि भांडे मिळून एक अंश चढण्यास १० किलोज्यूल लागत असतील, तर एका ग्रॅम साखरेने पारा सुमारे १.६५ अंश वर जातो; म्हणजे ग्रॅमला १६.५ किलोज्यूल, आणि ३४२ ने गुणले की वरचा आकडा आला. बंद भांड्यात मोजलेल्या उष्णतेला खुल्या हवेतल्या ज्वलनासाठी सामान्यतः थोडी दुरुस्ती करावी लागते. साखरेच्या बाबतीत मात्र १२ मोल ऑक्सिजन नाहीसा होऊन १२ मोलच कार्बन डायऑक्साइड वायू तयार होत असल्याने ती दुरुस्ती लागतच नाही. या कॅलरीमापीचे मूळ लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसला केलेल्या प्रयोगांत आहे. तेथे तापमापीऐवजी किती बर्फ वितळला यावरून उष्णता मोजली जात असे.

पण प्रत्येक अभिक्रिया अशी भांड्यात कोंडून मोजता येत नाही. कोळसा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र ठेवून कोणीही साखर बनवू शकलेले नाही. तरीही त्या न घडणाऱ्या अभिक्रियेची उष्णता आपण निःशंकपणे सांगू शकतो. हे सामर्थ्य ज्याने दिले तो जर्मेन आंरी हेस १८०२ साली जिनिव्हात जन्मला आणि रशियात सेंट पीटर्सबर्गला प्राध्यापक झाला. १८४० मध्ये त्याने असे प्रतिपादन केले की अभिक्रिया एका टप्प्याने होवो वा दहा टप्प्यांनी, आरंभीचे आणि शेवटचे पदार्थ तेच असतील तर एकूण उष्णता तीच राहते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सर्वमान्य होण्याच्या आधीची ही गोष्ट आहे, म्हणून हेसची दृष्टी मला विशेष थोर वाटते. आणि या गृहस्थाने साखरेच्या ऑक्सिडीभवनाचाही अभ्यास केला होता, ही गोष्ट आपल्या विषयाला साजेशीच आहे.

हेसच्या नियमाचे व्यावहारिक रूप म्हणजे समीकरणांची बेरीज-वजाबाकी. एक मोल कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होताना ३९३.५ किलोज्यूल निघतात, एक मोल हायड्रोजन जळून द्रव पाणी होताना २८५.८. साखरेतील बारा कार्बन आणि अकरा मोल हायड्रोजन सुटे असते तर ४७२२ आणि ३१४३.८ मिळून ७८६५.८ किलोज्यूल निघाले असते. साखर जाळल्यावर मात्र ५६४० च निघतात. मधली २२२६ ची तूट म्हणजेच मूलद्रव्यांपासून साखर घडताना बाहेर पडली असती ती उष्णता. जुन्या पेढीवरचा कारकून रोजकीर्दीतील दोन रकमा माहीत असल्या की तिसरी खतावणीतून काढीत असे, तसाच हा प्रकार आहे. आणि हाच नियम आपल्या शरीरालाही लागू आहे: चहातली चमचाभर साखर देहात बारीकसारीक टप्प्यांनी, ज्वाळेविना, तासन्‌तास जळते, तरी शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणीच व्हायचे असल्याने उष्मांक तोच, ग्रॅमला सुमारे चार किलोकॅलरी.

एक मर्यादा येथेच सांगितली पाहिजे. हे समीकरण ‘किती’ ते सांगते, ‘केव्हा’ किंवा ‘किती वेगाने’ ते सांगत नाही. पोत्यातली साखर वर्षानुवर्षे शांत पडून राहते. तीच साखर पिठासारखी बारीक होऊन कोंदट जागेत हवेत तरंगू लागली तर स्फोट होतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी अशाच साखरेच्या धुळीच्या स्फोटाने १४ कामगार मृत्यू पावले. उष्णतेचा आकडा दोन्हीकडे एकच, ग्रॅमला १६.५ किलोज्यूल.

आता एक टन ऊस काट्यावर घेऊ. जात, जमीन आणि तोडणीचा महिना यांप्रमाणे प्रमाण बदलते, पण ढोबळमानाने त्यात ७०० किलो पाणी, १३० किलो साखर, १४० किलो तंतू आणि उरलेले ३० किलो इतर विद्राव्य पदार्थ असतात असे धरू. साखरेची उष्णता, किलोला १६.५ मेगाज्यूल या दराने, सुमारे २१४५ मेगाज्यूल भरते. तंतू हा सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचा बनलेला. तो पूर्ण सुका केला तर किलोला सुमारे १९ मेगाज्यूल देतो, म्हणजे १४० किलोचे २६६० मेगाज्यूल. ज्या मालासाठी शेतकरी, तोडणीच्या टोळ्या आणि कारखाना एवढा खटाटोप करतात, त्या साखरेपेक्षा टाकाऊ समजल्या गेलेल्या चोथ्यात अधिक उष्णता आहे, हे या हिशेबाचे पहिले फळ.

परंतु गिरणीतून बाहेर पडणारा बगॅस सुका नसतो. त्याच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. १४० किलो तंतूंबरोबर १४० किलो पाणीही भट्टीत जाते, आणि येथे कंसातील ‘द्रव’ व ‘वायू’ या शब्दांचे मोल कळते. कॅलरीमापीतील पाणी शेवटी द्रवरूपात असते. कारखान्याच्या धुराड्यातून ते वाफेच्या रूपात निघून जाते. एक मोल, म्हणजे १८ ग्रॅम, पाण्याची वाफ करण्यास ४४ किलोज्यूल लागतात, किलोला सुमारे २.४४ मेगाज्यूल. एक किलो ओल्या बगॅसमध्ये अर्धा किलो पाणी मुळातच असते, आणि तंतूंतील हायड्रोजन जळून आणखी सुमारे २७० ग्रॅम पाणी नव्याने तयार होते. या सर्वांची वाफ करण्यात १.९ मेगाज्यूल खर्ची पडतात. अर्धा किलो तंतूंच्या ९.५ मेगाज्यूलमधून ते वजा जाता हाती उरतात ७.६. एक टन उसाच्या २८० किलो बगॅसचा हिशेब केला तर २६६० पैकी सुमारे ५३० मेगाज्यूल धुराड्याच्या वाटेने आकाशात जातात आणि सुमारे २१३० पदरात पडतात. शेवटच्या गिरणीचा दाब वाढवून बगॅसमधील ओल पन्नासवरून पंचेचाळीस टक्क्यांवर आणण्यासाठी अभियंते का धडपडतात, ते यावरून ध्यानात यावे: बगॅसचे वजन घटते, पण त्यातून मिळणारी उष्णता सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. गुऱ्हाळावरचा गुळव्या चिपाडे उन्हात पसरून खडखडीत वाळल्याशिवाय चुलवाणात घालू देत नाही, त्यामागेही हेच ४४ किलोज्यूल आहेत.

भट्टीत हवा कमी पडली तर दुसरी हानी होते. कार्बन अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये जळून कार्बन मोनॉक्साइड झाला तर मोलला फक्त ११०.५ किलोज्यूल मिळतात. उरलेले २८३ त्या विषारी वायूबरोबर न वापरता निघून जातात. ११०.५ आणि २८३ यांची बेरीज ३९३.५, हा हेसचा नियम बॉयलरच्या तोंडाशी उभे राहून शिकावा असा आहे. उलट हवा गरजेहून फार जास्त सोडली तर ती फुकट तापून निघून जाते. म्हणूनच जाणता बॉयलर-चालक निघणाऱ्या वायूंतील ऑक्सिजनच्या आकड्यावर डोळा ठेवून असतो.

मिळालेली उष्णता पुरते का, हा पुढचा प्रश्न. एक टन उसाचा साधारण एक टन पातळ रस धरला, त्यात १५ टक्के घन पदार्थ आहेत आणि तो ६० टक्क्यांपर्यंत आटवायचा आहे, तर ७५० किलो पाण्याची वाफ करावी लागेल. उकळत्या पाण्याच्या वाफेला किलोमागे २.२६ मेगाज्यूल लागतात, म्हणजे एकूण सुमारे १७०० मेगाज्यूल. बगॅसच्या २१३० मेगाज्यूलपैकी बॉयलर सत्तर टक्के जरी वाफेत उतरवू शकला तरी १४९० च हाती येतात. हिशेब तोंडमिळवणीचा नाही! उघड्या काहिलीत एकदाच आटवणाऱ्या गुऱ्हाळाला चिपाडावर चिपाड घालावे लागते ते यामुळेच. आणि कारखान्याला तर याच उष्णतेतून गिरण्या फिरवायच्या, दाणे पाडायचे आणि शिवाय वीजही करायची असते.

या अडचणीतून साखर उद्योगाला ज्याने सोडवले त्याचे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. नॉर्बर्ट रिल्यू हा १८०६ साली न्यू ऑर्लिन्स येथे जन्मला. ज्या लुइझियानात उसाचे मळे आणि उकळत्या काहिली गुलामांच्या कष्टांवर चालत, त्याच प्रांतातला तो कृष्णवर्णीय वंशाचा अभियंता होता. त्याने पॅरिसला शिक्षण घेतले, आणि १८४३ मध्ये बहुपरिणामी बाष्पकाचे एकस्व मिळवले. कल्पना अशी: पहिल्या भांड्यातील रसातून उठलेली वाफ वाया न घालवता दुसऱ्या भांड्याला तापवण्यास द्यायची, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि पुढच्या प्रत्येक भांड्यातील दाब उतरता ठेवायचा, म्हणजे तेथला रस कमी तापमानाला उकळतो. वाफेचे पाणी होताना तीच अप्रकट उष्णता परत मिळते, जी पाण्याची वाफ करताना दिली होती. समीकरण उलटले, चिन्ह पालटले, आकडा तोच. चार भांड्यांच्या मालिकेत एक किलो बॉयलर-वाफ जवळजवळ चार किलो पाणी उडवते, आणि १७०० मेगाज्यूलची गरज सव्वाचारशेच्या आसपास उतरते. आज राज्यातील साखर कारखाने महावितरणला वीज विकतात, त्या विजेच्या मुळाशी रिल्यूची ही युक्ती आहे.

रस शुद्ध करण्याच्या विभागातही लहान प्रमाणात हाच खेळ चालतो. गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड करतात तेव्हा ३२ ग्रॅम गंधकामागे सुमारे २९७ किलोज्यूल निघतात. कळीचा चुना विझवताना ५६ ग्रॅममागे ६५ किलोज्यूल बाहेर पडतात; आकडा लहान दिसतो, पण एक किलो कळीच्या चुन्याची ही उष्णता साडेतीन लिटर पाणी वीस अंशांवरून उकळीला नेऊ शकते. चुना विझवणाऱ्या कामगाराच्या डोळ्यांना व हातांना संरक्षण का हवे, हे त्याला या आकड्यासह समजावून सांगितले पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

शेवटी मळीकडे येऊ. तिच्यातील साखर यीस्टच्या साहाय्याने आंबवली असता एक मोल सुक्रोज व एक मोल पाणी यांपासून चार मोल इथेनॉल आणि चार मोल कार्बन डायऑक्साइड होतो. या अभिक्रियेची उष्णता मोजण्यासाठी आंबवण टाकीत उतरण्याचे कारण नाही. साखरेच्या ज्वलनाचे ५६४०. इथेनॉलच्या एका मोलच्या ज्वलनाचे १३६७, चार मोलचे ५४६८. वजाबाकी १७२ किलोज्यूल. म्हणजे ३४२ ग्रॅम साखरेचे १८४ ग्रॅम इथेनॉल झाले, वजन निम्म्याच्या थोडे वर राहिले, पण मूळ उष्णतेचा ९७ टक्के भाग त्यात तसाच साठून राहिला. यीस्टने स्वतःसाठी आणि भोवतालासाठी मिळून घेतले ते फक्त तीन टक्के.

पण ते तीन टक्केही दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. एक किलो द्रावणात १५० ग्रॅम साखर असेल तर किण्वनातून सुमारे ७५ किलोज्यूल निघतात, आणि ही उष्णता काढून नेली नाही तर द्रावण सुमारे १८ अंशांनी तापेल. तीस अंशांना आंबवायला घातलेले द्रावण अठ्ठेचाळीसवर गेले तर यीस्ट त्याच्या कितीतरी आधीच मरेल. मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये भोवतालची हवाच चाळिशीला टेकलेली असते; त्या दिवसांत आसवनीतील शीतक पाणी अखंड फिरत का ठेवावे लागते, याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि २०२५ साली वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने गाठले. गाडी पूर्वीइतकी धावत नाही अशी तक्रार ऐकू येते, तिला समीकरणाचा आधार आहे. पेट्रोलमधील ऑक्टेन ग्रॅमला सुमारे ४८ किलोज्यूल देते, इथेनॉल ३० च्या आत. कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला आहे, म्हणजे त्याचे काही ज्वलन रेणू घडतानाच होऊन गेले आहे. लिटरच्या हिशेबाने इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश भरते, आणि वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांची तूट येते. इथेनॉलचा उच्च ऑक्टेन अंक लक्षात घेऊन बांधलेले इंजिन यातील काही भाग भरून काढू शकते. पण तुटीचे अस्तित्व नाकारण्यात अर्थ नाही, आणि ग्राहकाला ती आकड्यांत सांगणे हेच रास्त.

अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील रसायनशास्त्राच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मिथेन आणि ग्रॅफाइट यांची ठरावीक उदाहरणे फळ्यावर मांडून झाली की विद्यार्थ्यांना मूठभर ओला बगॅस वजन करून उन्हात वाळवायला द्यावा, वाळल्यावर पुन्हा वजन करायला लावावे, आणि गेलेल्या पाण्याच्या वाफेला किती किलोज्यूल लागले असते ते त्यांनीच वहीत मांडावे. तराजू शाळेत आहे, बगॅस कारखान्यात आहे, आणि लागणारा आकडा एकच आहे: १८ ग्रॅमला ४४ किलोज्यूल.